शुश्रूषेचे चार गुण

रुग्णालयात डॉक्टर येतात, रोग्याला तपासतात, औषध लिहून देतात आणि पुढच्या खाटेकडे वळतात. नातेवाईक भेटीच्या वेळी येतात आणि घंटा झाली की निघून जातात. रात्री दोनच्या सुमारास दिवे मंद झालेले असतात, तापाने तळमळणारा रोगी पाणी मागतो, त्या वेळी त्याच्यापाशी जी उभी असते ती परिचारिका. त्याचा श्वास जड झाला आहे, नाडी जलद चालली आहे, लघवीचे प्रमाण घटले आहे, हे प्रथम तिच्याच ध्यानात येते. डॉक्टरांना केव्हा उठवावयाचे हेही तिलाच ठरवावे लागते. पण तोच रोगी बरा होऊन घरी गेला की नाव घेतले जाते ते डॉक्टरांचे. परिचारिकेच्या वाट्याला ‘सिस्टर फार प्रेमळ होत्या’ एवढे एक वाक्य येते. या वाक्यात कृतज्ञता आहे यात संशय नाही. तथापि ती ओळख अर्धीच आहे. उरलेली अर्धी ओळख समाजाला पटावी म्हणून जी दीर्घ धडपड झाली, तिचेच नाव परिचर्येचा इतिहास.

मराठीत रूढ असलेला ‘शुश्रूषा’ हा शब्दच या दृष्टीने विचार करण्यासारखा आहे. ‘श्रु’ म्हणजे ऐकणे आणि शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. ऐकण्यावरून आज्ञापालन, आज्ञापालनावरून सेवा आणि सेवेवरून रोग्याची देखभाल असा या शब्दाचा प्रवास झाला. म्हणजे शुश्रूषा करणाराने सांगितलेले ऐकावे, स्वतःचे काही सांगू नये, असा एक भाव या शब्दाच्या पोटात पहिल्यापासूनच दडलेला आहे. परंतु याच भूमीत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रचलेल्या चरकसंहितेने मात्र या कामाकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. चिकित्सा चार पायांवर उभी असते असे त्या ग्रंथाने सांगितले: वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रोगी. या चौघांपैकी प्रत्येकाचे चार चार गुण मोजताना परिचारकाच्या ठिकाणी उपचारज्ञता, दक्षता, अनुराग आणि शौच हे गुण असावेत असे तेथे म्हटले आहे. उपचारज्ञता म्हणजे शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता म्हणजे कामातील तत्परता व कौशल्य, अनुराग म्हणजे रोग्याविषयी जिव्हाळा आणि शौच म्हणजे स्वच्छता. त्याच ग्रंथात अन्यत्र रुग्णगृह कसे असावे याचे वर्णन करताना, पथ्याचे अन्न रांधणारे, स्नान घालणारे, अंग चेपणारे, रोग्याला उठविणारे-बसविणारे आणि औषधी कुटणारे असे कुशल सेवक तेथे असावेत असेही सांगितले आहे.

येथे गुणांचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. जिव्हाळा तिसरा आहे. पहिले आहे ते ज्ञान. पुढील काळात मात्र हा क्रम टिकला नाही. मलमूत्राचा, रक्ताचा आणि बाळंतिणीचा स्पर्श विटाळाचा ठरला. रोग्याची देखभाल घरातील स्त्रियांनी कर्तव्य म्हणून करावी आणि प्रसूतीचे काम सुईणीने करावे, अशी वाटणी झाली. सुईणीपाशी पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव असे. पण तो अनुभव कोणी लिहून ठेवीत नव्हते, तपासून पाहत नव्हते, आणि बाळंतपण उरकले की तिला उंबऱ्याबाहेरच बसावे लागे. ज्या हातांना काम करावे लागत होते, त्या हातांना शास्त्र मिळाले नाही. आणि ज्यांच्यापाशी शास्त्र होते, ते त्या कामाला हात लावीत नव्हते.

पश्चिमेकडेही फार वेगळी स्थिती नव्हती. तेथे रुग्णसेवा बहुतांशी धर्मसंस्थांकडे राहिली. भूतदया हे तिचे अधिष्ठान होते आणि त्या दयेने असंख्य अनाथांना आसरा दिला, हे कोणीही मान्य करील. परंतु दया कितीही खरी असली, तरी तेवढ्याने रोगी वाचतोच असे नाही. याचे एक ठळक उदाहरण गोव्याच्या इतिहासात सापडते. १५१० साली गोवा जिंकल्यावर आफोन्सो द आल्बुकेर्कने तेथे पोर्तुगीज शिपायांसाठी एक रुग्णालय सुरू केले. पुढे ते राजाचे रुग्णालय म्हणून प्रसिद्धीस आले आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्याची व्यवस्था जेझुइट पाद्र्यांकडे गेली. १६०८ साली पिरार द लावाल नावाचा एक फ्रेंच प्रवासी गोव्यात पोचला आणि आजारी अवस्थेत त्याला या रुग्णालयात आश्रय मिळाला. तेथील टापटीप, उत्तम बिछाने, रोग्यांना चांदीच्या भांड्यांतून दिले जाणारे अन्न आणि सेवकांची आस्था पाहून तो इतका भारावला की, असे रुग्णालय जगात दुसरीकडे नसेल असे त्याला वाटले. पण याच रुग्णालयाविषयी इतिहासकार सी. आर. बॉक्सर यांनी दिलेला एक आकडा मन विषण्ण करतो. सतराव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत तेथे सुमारे २५,००० पोर्तुगीज शिपाई मरण पावले. अनुराग होता, चांदीची ताटे होती. परंतु ताप व अतिसार कशाने पसरतात हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि म्हणून त्या शिपायांना वाचविण्याचा मार्ग कोणापाशीच नव्हता.

या अज्ञानावर पहिला मोठा आघात करणारी व्यक्ती म्हणून फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव घ्यावे लागते. १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी एका सधन इंग्रज कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्या काळी इंग्लंडात रुग्णालयातील नोकरी कुलीन स्त्रीला लाजिरवाणी वाटे. घरच्यांचा विरोध पत्करून त्यांनी १८५१ साली जर्मनीतील कैसर्सवर्थ येथे, पास्टर फ्लीडनर यांच्या संस्थेत, शुश्रूषेचे प्रत्यक्ष शिक्षण घेतले. १८५४ साली इंग्लंड क्रिमियाच्या युद्धात उतरले आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ३८ परिचारिकांसह त्या तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात दाखल झाल्या. हाती दिवा घेऊन रात्री जखमी शिपायांच्या रांगांतून फिरणारी देवी, हे त्यांचे चित्र जगभर पोचले आहे. शाळेच्या पुस्तकांतूनही मुलांनी ते पाहिलेले असते.

ते चित्र खोटे नाही. पण त्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट झाकली गेली आहे. नाइटिंगेल आल्या, त्यांनी रोग्यांना धुतलेले कपडे दिले, चांगले अन्न दिले, धीर दिला. आणि तरीही त्या हिवाळ्यात मृत्यूंचे प्रमाण वाढतच गेले. १८५५ सालच्या फेब्रुवारीत स्कुटारीतील मृत्यूचे प्रमाण ४२ टक्क्यांवर पोचले होते. ती इमारत तुंबलेल्या गटारांवर उभी होती आणि मरणारे बहुसंख्य शिपाई जखमांनी नव्हे, तर विषमज्वर, पटकी व हगवण यांनी मरत होते. मार्च महिन्यात इंग्लंडहून स्वच्छतेची पाहणी करणारे मंडळ आले, गटारे साफ झाली, पाण्याची व हवेची सोय सुधारली आणि जूनपर्यंत ते प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास उतरले. युद्धानंतर नाइटिंगेल यांनी विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या साह्याने हे आकडे पुनःपुन्हा तपासले. आपण ज्यांच्या उशाशी बसलो त्यांतील कित्येक टाळता येण्याजोग्या कारणांनी गेले, हे कठोर सत्य त्यांना त्या आकड्यांतून दिसले. दुसरी एखादी व्यक्ती या सत्यापासून तोंड फिरवून बसली असती. त्यांनी मात्र त्याच आकड्यांच्या रंगीत आकृत्या काढून त्या सरकारपुढे ठेवल्या आणि लष्करी आरोग्याच्या सुधारणेचा आग्रह धरला. लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने सदस्य म्हणून निवडलेली पहिली स्त्री त्या होत. दिव्यापेक्षाही त्यांची नोंदवही अधिक प्रकाश देणारी ठरली असे म्हटले तर ते वावगे होणार नाही.

१८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने परिचारिकांची शाळा निघाली. अवघ्या १५ विद्यार्थिनींनी तिचा आरंभ झाला. परिचर्या हे शिकण्याचे, शिकविण्याचे व पगार घेऊन सन्मानाने करण्याचे काम आहे, ही कल्पना या शाळेमुळे रुजली आणि तेथून शिकून निघालेल्या स्त्रियांनी ती इतर देशांत नेली. तथापि, नाइटिंगेल यांच्याही विचाराला एक मर्यादा होती. परिचारिकांची परीक्षा घेऊन सरकारी नोंदणी करावी, अशी मागणी पुढे आली तेव्हा त्यांनी तिला विरोध केला. चांगल्या परिचारिकेचे शील परीक्षेने मोजता येत नाही असे त्यांना वाटे. पण नोंदणीवाचून शिकलेली कोण आणि न शिकलेली कोण हे रोग्याने ओळखावे कसे? काळाने या प्रश्नाचे उत्तर नोंदणीच्या बाजूने दिले. न्यूझीलंडने १९०१ साली आणि इंग्लंडने १९१९ साली तसा कायदा केला.

नाइटिंगेल हिंदुस्थानात कधीही आल्या नाहीत. पण येथील गोऱ्या सैन्याच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी १८५९ साली नेमलेल्या राजकीय आयोगामागे त्यांचाच आग्रह होता, आणि आयोगाकडे आलेल्या माहितीचा डोंगर त्यांनी लंडनमध्ये बसून उपसला. येथे दरसाल हजारी ६९ गोरे शिपाई मरत होते असे १८६३ सालच्या अहवालाने दाखवून दिले. पुढे त्यांची दृष्टी सैन्यापुरती राहिली नाही. खेड्यांच्या पाण्याचा व स्वच्छतेचा प्रश्न त्यांनी हाती घेतला आणि त्यासंबंधी पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही पत्रव्यवहार केला.

हिंदुस्थानात शिक्षित परिचारिका आल्या त्याही प्रथम गोऱ्या शिपायांसाठीच. १८८८ सालच्या फेब्रुवारीत दहा इंग्रज परिचारिका मुंबईच्या बंदरात उतरल्या. लष्करी रुग्णालयांत शुश्रूषेची घडी बसविणे हे त्यांचे काम होते. येथील प्रजेच्या, विशेषतः स्त्रियांच्या, वाट्याला ही सोय वेगळ्या मार्गांनी आली. १८८६ साली मुंबईत पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून स्त्रियांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले. तेथे काम करण्यासाठी आलेल्या डॉ. एडिथ पीची यांनी परिचारिकांच्या शिक्षणाचाही आरंभ केला. दक्षिण महाराष्ट्रात डॉ. विल्यम वॉन्लेस यांच्या मिरजेच्या मिशन रुग्णालयानेही हे शिक्षण हाती घेतले, आणि बेळगाव-कोल्हापूरकडील रोगी ज्या रुग्णालयाकडे आशेने पाहत, तेथे पांढऱ्या पोशाखातील देशी परिचारिका वावरू लागल्या. पण त्यांत हिंदू घरांतील मुली फारच थोड्या असत. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणे, वाटेल त्या जातीच्या रोग्याची घाण काढणे आणि रात्री घराबाहेर राहणे या तीन गोष्टी कोणत्याही ‘चांगल्या’ घराला मानवणाऱ्या नव्हत्या.

अशा काळात १८९६ साली मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात प्लेगने थैमान घातले. त्या रोगावर तेव्हा खात्रीचे औषध नव्हते. रोग्यांची जी काही सोय होती ती शुश्रूषेचीच. पोटची माणसे आजारी माणसाला टाकून पळत होती. सावित्रीबाई फुले यांनी आपले दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांना बोलावून घेऊन हडपसरच्या बाजूला माळावर दवाखाना उघडला. मुंढव्याजवळच्या वस्तीतील प्लेगने ग्रासलेल्या एका मुलाला त्यांनी पाठीवर घालून त्या दवाखान्यात आणले असे सांगतात. रोग्यांची सेवा करता करता त्यांनाच त्या रोगाने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. मुलींना अक्षर देणाऱ्या पहिल्या शिक्षिका म्हणून महाराष्ट्र त्यांचे स्मरण करतो. पण ज्या स्पर्शाला समाज विटाळ म्हणत होता, तो स्पर्श त्यांनी रोग्याच्या अंगावर हात ठेवून पुसून टाकला, हेही त्यांचे ऋण तेवढेच मोठे आहे.

सावित्रीबाईंनी जे एकटीने केले, ते शिक्षण घेऊन व पोटापाण्याचा धंदा म्हणून शेकडो स्त्रियांना करता यावे, याची वाट पुण्याच्या सेवासदनाने काढली. १९०९ साली रमाबाई रानडे यांनी गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साह्याने या संस्थेची स्थापना केली. तेथील ज्या विधवा व मुली ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेण्यास तयार होत, त्यांच्या राहण्याची व्यवस्था संस्थेने केली. घरोघर जाऊन पालकांची समजूत घालण्याचे काम रमाबाई स्वतः करीत. त्यांच्या चरित्रात एक प्रसंग सांगितला जातो. संस्थेच्या वार्षिक समारंभात बक्षीस घेण्यासाठी केशवपन केलेली एक विधवा व्यासपीठावर आली, तेव्हा वरच्या सज्जात बसलेल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी तिची हुर्यो उडविली. समारंभाच्या अखेरीस आभार मानण्यासाठी उठलेल्या रमाबाईंनी त्या तरुणांना असे खडसावले की सभागृह चिडीचूप झाले. ज्या बहिणी समाजाच्याच रूढींमुळे या दशेला पोचल्या, त्यांची थट्टा करणाऱ्यांना सुशिक्षित म्हणावे कसे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. सेवासदनातील स्त्रियांना या धंद्याची वाट धरताना काय सोसावे लागले असेल, याची कल्पना या एका प्रसंगावरून येते. शिक्षण अवघड नव्हते. अवघड होते ते शिक्षणासाठी घराचा उंबरठा ओलांडणे.

इतके होऊनही एकंदर देशाचा विचार केला, तर हे प्रयत्न समुद्रातील थेंबासारखेच होते. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ साली नेमलेल्या आरोग्य समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला. त्या वेळी देशात सुमारे ४३,००० लोकांमागे एक शिक्षित परिचारिका होती. डॉक्टरांचे प्रमाण सुमारे ६,००० लोकांमागे एक असे होते. म्हणजे देशात डॉक्टर कमी होतेच, पण परिचारिका त्याहूनही कितीतरी कमी होत्या. १९७१ सालापर्यंत दर ५०० लोकांमागे एक परिचारिका असावी असे उद्दिष्ट समितीने पुढे ठेवले. १९४६ सालीच दिल्ली व वेल्लोर येथे परिचर्येचे पदवी-शिक्षण सुरू झाले आणि १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. देशभर शिक्षणाचा एकच दर्जा असावा हा त्याचा हेतू होता. त्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविद्या आयोगाचा कायदा संमत केला. नोंदणी झालेल्या परिचारिकांची संख्या आज तीस लाखांच्या वर गेली आहे. त्यांत केरळच्या कन्यांचा वाटा फार मोठा आहे. मुंबई, हैदराबाद, इंदूर किंवा वडोदरा, कोणत्याही मोठ्या शहरातील रुग्णालयात गेले तरी मोडक्या-तोडक्या मराठीत, हिंदीत वा गुजरातीत रोग्याला धीर देणारी मल्याळी परिचारिका हटकून भेटते.

आजच्या परिचारिकेचे काम पूर्वीच्या कामाहून पुष्कळच पालटले आहे. अतिदक्षता विभागात कृत्रिम श्वासाचे यंत्र, हृदयाची आलेखपट्टी आणि शिरेतून थेंबाथेंबाने जाणारे औषध या सर्वांवर तिची नजर असते. मात्रेत एका दशांश चिन्हाची चूक झाली तरी प्राणावर बेतते. शस्त्रक्रियागृहात टाके घालण्यापूर्वी आत काही राहिले नाही ना, याची मोजदाद तिला करावी लागते. खेड्यात साधारण ५,००० वस्तीच्या आणि डोंगराळ भागात ३,००० वस्तीच्या उपकेंद्रावर काम करणारी सहायक परिचारिका-प्रसाविका गरोदर स्त्रियांची तपासणी, बाळंतपण, लसीकरण आणि साथीची खबर ही सारी कामे सांभाळते. भारतात पोलिओचा शेवटचा रोगी २०११ सालच्या जानेवारीत आढळला आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. या यशामागे लशीची पेटी खांद्याला लावून वाड्यावस्त्यांवर पायपीट करणाऱ्या या स्त्रिया उभ्या आहेत. कोविडच्या साथीत २०२० साली घरची माणसे रोग्याजवळ जाऊ शकत नव्हती, तेव्हा कित्येकांनी अखेरचा शब्द ऐकला तो परिचारिकेच्याच तोंडून. योगायोग असा की ते वर्ष नाइटिंगेल यांच्या जन्माचे दोनशेवे वर्ष होते आणि जागतिक आरोग्य संघटनेने ते परिचारिका व प्रसाविका यांचे वर्ष म्हणून आधीच जाहीर केलेले होते.

चरकाने सांगितलेली दक्षता आजच्या काळात कशी दिसते, हे मुंबईने २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री पाहिले. डॉ. पीचींनी जेथे परिचारिकांना धडे दिले, त्याच कामा रुग्णालयात दहशतवादी शिरले. प्रसूतिपूर्व कक्षात रात्रपाळीवर असलेल्या परिचारिका अंजली कुलथे यांच्या हवाली २० गर्भवती स्त्रिया होत्या. त्यांनी दारे बंद केली, दिवे मालवले आणि सर्व स्त्रियांना एका लहानशा खोलीत सुरक्षित नेले. त्यांतील एकीला त्याच वेळी कळा सुरू झाल्या. गोळीबाराचे व स्फोटांचे आवाज कानी पडत असताना कुलथे तिला भिंतीच्या कडेकडेने प्रसूतिकक्षात घेऊन गेल्या आणि तेथे बाळ सुखरूप जन्माला आले. पुढे न्यायालयात त्यांनी साक्ष दिली आणि २०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढेही त्या रात्रीची हकीकत सांगितली.

आणि अनुराग? त्याचेही उदाहरण त्याच मुंबईत आहे. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील तरुण परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच अमानुष हल्ला झाला आणि त्यांचा मेंदू कायमचा जायबंदी झाला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, त्यांच्या सहकारी परिचारिकांनी त्यांना त्याच रुग्णालयात सांभाळले. ज्यांनी त्यांच्याबरोबर काम केले त्या निवृत्त झाल्या, त्यांच्यानंतर आलेल्याही निवृत्त झाल्या. पण भरविणे, पुसणे, कूस बदलणे हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिला. इच्छामरणाच्या प्रश्नावरील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली या शुश्रूषेचा गौरवाने उल्लेख केला. इतकी वर्षे अंथरुणाला खिळलेल्या रोग्याला शय्याव्रण होऊ न देणे हे केवळ प्रेमाचे काम नाही. दर काही तासांनी कूस पालटावी लागते, त्वचा कोरडी ठेवावी लागते, आहार मोजून द्यावा लागतो. त्या जिव्हाळ्याला ज्ञानाचा हात होता, म्हणूनच तो जिव्हाळा रोग्यापर्यंत पोचला. मात्र त्या घटनेला दुसरी बाजूही आहे. सर्वांची देखभाल करणारी परिचारिका स्वतः मात्र रुग्णालयात सुरक्षित नव्हती, हे तिने साऱ्या देशाला दाखवून दिले.

आज प्रश्न आहे तो या दुसऱ्या बाजूचाच. समाज परिचारिकेला देवी म्हणतो, भगिनी म्हणतो, त्यागमूर्ती म्हणतो. पण देवीला पगार विचारावयाचा नसतो आणि त्यागमूर्तीला रजा लागत नाही, अशी एक सोयीची समजूत या गौरवाच्या आड लपलेली असते. सर्वसाधारण रुग्णालयात पाच रोग्यांमागे एक आणि शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रोग्यांमागे एक परिचारिका असावी असे परिचर्या परिषदेचे प्रमाण आहे. पण रात्रपाळीला तीस-चाळीस खाटांचा कक्ष एकटीने सांभाळणारी परिचारिका दिसली, तर कोणाला आश्चर्य वाटत नाही. खासगी रुग्णालयांतील वेतनाचा प्रश्न तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाच्या आदेशानुसार २०१६ साली नेमलेल्या समितीने, पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही दरमहा २०,००० रुपयांपेक्षा कमी वेतन देऊ नये अशी शिफारस केली. एवढी किमान रक्कम ठरविण्यासाठी समिती नेमावी लागली, यातच सर्व आले.

हा प्रश्न केवळ परिचारिकांच्या सुखसोयीचा असता, तरी तो न्यायाचा प्रश्न ठरला असता. पण तो रोग्याच्या प्राणाचाही आहे. युरोपातील नऊ देशांच्या ३०० रुग्णालयांत शस्त्रक्रिया झालेल्या चार लाखांहून अधिक रोग्यांची पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. एका परिचारिकेवरील भार एका रोग्याने वाढला की रोगी महिन्याच्या आत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, आणि पदवीधर परिचारिकांचे प्रमाण दहा टक्क्यांनी वाढले की ती शक्यता तितकीच घटते, असे त्या पाहणीत आढळले. स्कुटारीच्या नोंदवहीतून नाइटिंगेल यांनी जे शोधले, त्याच वाटेवरचे हे पुढचे पाऊल आहे. परिचारिकेची संख्या आणि तिचे ज्ञान ही रुग्णालयाची शोभा नव्हे. रोगी जगतो की जात्यात जातो, हे त्यावर ठरते.

चरकाने चिकित्सेचे चार पाय सांगितले. त्यांतील तीन पाय भक्कम करून चौथा आखूड ठेवला, तर खाट डगमगणारच. परिचारिकेचा जिव्हाळा समाजाने नेहमीच मागितला आणि तिने तो न मागताही दिला. तिच्या ज्ञानाला मान, तिच्या शब्दाला वजन, तिच्या श्रमाला योग्य मोल आणि रात्रपाळीत तिच्या जोडीला दुसरी एक परिचारिका देणे, हे आता समाजाचे काम आहे. पहाटे पाळी संपताना ती रात्रभराच्या नोंदींचा कागद पुढच्या परिचारिकेच्या हाती देते. कोणाचा ताप उतरला, कोणाला किती वाजता औषध दिले, कोणावर लक्ष ठेवावयाचे, हे सारे त्यात लिहिलेले असते. रोगी तो कागद कधी वाचत नाही. पण तो सकाळ पाहतो, ती पुष्कळदा त्या कागदामुळेच.